तलवारीची हलती मूठ: वेल्डिंग नको, लाखच भरा

आर्वी तालुक्यातल्या एका तरुण कास्तकाराचा प्रश्न आला आहे. जुनं घर उतरवताना माळ्यावर आबाजींची, म्हणजे आजोबांची, तलवार सापडली. पातं शाबूत आहे, पण मूठ हलते आणि हलवली की आतून तांबूस भुगा गळतो. गावातला वेल्डर म्हणतो, दहा मिनिटांचं काम आहे. बाजारात पितळेची नवी मूठही त्यांनी बघून ठेवली आहे. जोडीला एक खंजीर आहे, त्याची लाकडी मूठ घुणानं खाल्ली. शेवटी त्यांनी विचारलंय, "तलवारीची मूठ एवढी लहान कशी? माझी चार बोटंही धड बसत नाहीत."

भाऊ, आधी वेल्डरला नाही म्हणा. बाकीचं सावकाश वाचा, घाई कशाचीच नाही.

मी भंडारा जिल्ह्यातला, वैनगंगेकाठचा. आमचं घर खात्याचं, म्हणजे लोहाराचं. विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा (लोखंडी पाती) हा रोजचा धंदा. जुन्या हत्यारांच्या मुठी बसवायचं काम आमच्या आबाजींकडून माझ्याकडे आलं आणि पस्तीस वर्षं ते करतो आहे. तुमच्यासारख्या तलवारी वर्षाला दहा-बारा तरी येतात, बहुतेक दसऱ्याच्या तोंडावर. त्यातल्या निम्म्या माझ्याकडे येण्याआधीच कोणीतरी वेल्ड केलेल्या असतात. अशा तलवारीचं पुढं फार काही करता येत नाही, म्हणून हे लांबण लावतो आहे.

तो तांबूस भुगा तुम्हाला गंज वाटला असेल. चिमूटभर भुगा चमच्यात घ्या आणि दिव्यावर धरा. काही भाग वितळून चिकट झाला, तार धरू लागला, तर ती लाख. जो वितळत नाही, तो विटेचा चुरा. आपल्याकडच्या तलवारींच्या मुठी याच मसाल्यानं बसवलेल्या असतात. पात्याच्या मागच्या टोकाला एक निमुळती शेपटी असते. ती मुठीच्या पोकळीत जाते, पण मुठीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचत नाही. वर नट नाही, बोल्ट नाही, पुष्कळदा आडवी खीळसुद्धा नाही. पोकळीत वितळलेली लाख ओततात, शेपटी आत दाबतात आणि थंड होऊ देतात. एवढ्यावर माणसं लढाईला गेली.

नव्या माणसाला हे कच्चं काम वाटतं. मलाही वाटायचं. पण लाख थंड झाली की पोकळीतला कानाकोपरा भरून काढते. घाव बसला की त्याचा धक्का शेपटीच्या सगळ्या अंगावर पसरतो, एका जागी जमा होत नाही. आणि मुख्य गोष्ट म्हणजे हा सांधा उघडता येतो. लाख साधारण ६५ ते ७० अंशांना मऊ पडते, ८० च्या आसपास पातळ होते. पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरायला याच्या दुप्पट-तिप्पट उष्णता लागते. म्हणजे पात्याला जराही न दुखावता मूठ काढता येते, पातं बदलता येतं, मूठ बदलता येते. वखराची पास झिजली म्हणून आपण वखर फेकत नाही, तसंच हे. ज्यांनी ही रीत काढली त्यांना माहीत होतं की पातं आणि मूठ यांचं आयुष्य सारखं नसतं.

तुमच्या तलवारीची मूठ ढिली का झाली, याचाही अंदाज यातूनच येतो. माळ्यावर टिनाखाली ती किती उन्हाळे होती, सांगा. मे महिन्यात आपल्याकडचं टिन इतकं तापतं की हात ठेववत नाही. त्या झळीनं लाख नरमते, रात्री परत आवळते, पावसाळ्यात शेपटीला गंज धरतो आणि फुगलेला गंज लाखेला आतून फोडतो. चाळीस-पन्नास वर्षं हेच चाललं की लाखेचा भुगा होतो. यात तलवारीचा काही दोष नाही.

आता वेल्डिंगचं. मी विशीत होतो तेव्हाची गोष्ट आहे. शेजारच्या गावच्या आखाड्यातली पोरं दसऱ्याच्या आदल्या दिवशी तलवार घेऊन आली, मूठ ढिली होती. आबाजी बाहेरगावी होते. मी नुकताच वेल्डिंग शिकलो होतो. पात्याच्या तोंडाशी, जिथे पातं मुठीत शिरतं तिथे, दोन्ही बाजूंनी टाका मारला, घासून साफ केलं, दिसायलाही नीट झालं. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू असताना टाक्याच्या बोटभर पुढं पातं मोडलं आणि गर्दीच्या कडेला बसलेल्या एका लेकरापासून दोन हातांवर मातीत रुतलं. कोणाला लागलं नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आबाजी परत आल्यावर त्यांनी मोडलेलं तोंड कंदिलाशी धरलं, बराच वेळ पाहिलं. तिथलं पोलाद दाणेदार झालं होतं, साखरेसारखं. ते रागावले नाहीत. "पात्याचा जीव तोंडाशी असते, पोरा," एवढंच म्हणाले, "तिथं आग लावू नोको."

का मोडलं, ते पुढं मला कळलं. पोलादात कर्ब असतो. टाक्याच्या कडेचा पट्टा क्षणात लालबुंद होतो आणि शेजारचं थंड पोलाद ती उष्णता तितक्याच वेगानं ओढून घेतं. म्हणजे तेवढा पट्टा पाणी दिल्यासारखा कडक होतो, पण त्याला उतार दिलेला, म्हणजे पुन्हा हलकं तापवून चिवट केलेला, नसतो, त्यामुळे तो काचेसारखा फुटतो. त्याच्या थोडं पुढचा भाग उलट नरम पडतो. कडक आणि नरम यांची सीमा नेमकी त्या जागी येते, जिथे घावाचा सगळा ताण पडतो. भिंतीवर टांगलेल्या तलवारीला हे जाणवणार नाही. पण आज भिंतीवर असलेली तलवार उद्या कोणी हातात घेणार नाही, याची खात्री कोण देईल?

तर मूठ काढायची कशी. आधी मुठीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. पातं मुठीत किती शिरलं आहे, तिथे पेन्सिलीनं खूण करा. आडवी खीळ आहे का, ते बोटानं चाचपून पाहा. असेल तर ती आधी काढायची. घमेल्यात नदीची चाळलेली कोरडी रेती चुलीवर तापवा. पाण्याचा थेंब टाकला की चर्र व्हावा, पण वर्तमानपत्राचा तुकडा खोचला तर करपू नये, एवढीच उष्णता ठेवा. पात्याला मुठीपासून वीतभर ओलं फडकं गुंडाळा, उरलेल्या धारेला जाड गोणपाट. मूठ रेतीत पुरा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. ज्योत लावू नका. ज्योतीनं एक बाजू जळते, दुसरी थंड राहते, आणि नक्षी असेल तर तिचा रंग जातो.

लाख सैल झाली की पात्याच्या कडेनं थोडी झिरपताना दिसते. मग पातं दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरून शिकंजात आवळा आणि मुठीच्या आडव्या भागावर लाकडी मोगरीनं हलके ठोके द्या, पात्यापासून दूर जातील असे. पिळू नका. मुठीच्या तोंडासमोर स्वतःचं तोंड आणू नका. आत ओलावा अडकलेला असतो, वाफ होऊन गरम लाख उसळू शकते. माझ्या मनगटावर असा एक डाग आहे. सुटली नाही तर पुन्हा रेतीत ठेवा. दोनदा-तीनदा करावं लागतं.

शेपटी बाहेर आली की तिच्यावरची लाख बांबूच्या चिपेनं खरवडा, कानस लावू नका. शेपटी अर्ध्याहून जास्त गंजून गेली असेल, तर ही तलवार फिरवायची नाही, जपून ठेवायची, असं ठरवा. ती शाबूत असेल तर पुढं चला.

मसाल्यासाठी चपडा लाख, म्हणजे शुद्ध केलेली पापुद्र्यांची लाख, आणा. आपल्या विदर्भाला ती लांबून आणायला नको, गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूला पळसावर आणि कुसुमाच्या झाडावर लाखेचे किडे पोसतात. मी दोन भाग चपडा आणि एक भाग विटेची वस्त्रगाळ पूड घेतो. वीट जुनी, पक्की भाजलेली हवी आणि पूड तव्यावर कोरडी करून घ्यायची. नुसती लाख ठिसूळ असते, विटेच्या पुडीनं तिला अंग येतं. बोटाच्या पेराएवढं मेण टाकलं तर थंडीत तडकत नाही. मंद आचेवर लोखंडी पळीत वितळवा, उकळू देऊ नका, फेस आला की ती लाख कामातून गेली.

मूठ कोमट करून तोंड वर ठेवा, पोकळी पाऊण भरेल एवढा मसाला ओता. शेपटीही हाताला चटका बसेल इतकी गरम करा आणि एका दमात आत दाबा, पेन्सिलीच्या खुणेपर्यंत. लगेच डोळ्यासमोर आडवी धरून पाहा. धार आणि परज, म्हणजे बोटांवरून वळणारी पट्टी, एका रेषेत हवीत. केसभर फरक असेल तर याच वेळी दुरुस्त होतो, अर्ध्या मिनिटानंतर होत नाही. पाणी मारून थंड करू नका. रात्रभर तशीच उभी राहू द्या. सकाळी मूठ पकडून पात्यावर बोटाच्या पेरानं टिचकी मारा. सांधा बसला असेल तर आवाज लांबतो, मुठीत हलकी थरथर येते. आत पोकळी राहिली असेल तर आवाज बद्द येतो. मग पुन्हा रेतीत.

आता तुमचा लहान मुठीचा प्रश्न. हा मला अगदी शाळेतली पोरंही विचारतात, आणि मोठी माणसं स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतात की पूर्वीच्या लोकांचे हात लहान होते. असं काही नाही. ज्या पंजानं नांगर धरला, त्याच पंजानं तलवार धरली. फरक धरण्यात आहे.

तलवारीच्या मुठीचे भाग एकदा ओळखून घ्या. मधला फुगीर भाग, जो मुठीत येतो, त्याला मुसुमा म्हणतात. वरच्या टोकाला बशीसारखी तबकडी असते, ती कटोरी, आणि तिच्यावरचा गुंडा म्हणजे मोगरा. खाली पात्याच्या दोन्ही बाजूंना आडवे दांडे असतात, टोकाला बोंडं असलेले. त्यांच्यातूनच दोन जिभा पात्यावर उतरतात आणि पात्याला दोन्ही अंगांनी कवळून धरतात. एका दांड्यापासून वर वळत जाणारी पट्टी ती परज. परज सगळ्याच मुठींना नसते.

आपण काठी धरतो तशी तलवार धरली की बोटं मावत नाहीत आणि कटोरी मनगटात रुतते. ती रुतायलाच आहे. तलवारीचं पातं वाकडं असतं, त्याचा घाव ओढून घालायचा असतो. मनगट मोडून टोक पुढं फेकणं हा या हत्याराचा खेळ नाही. कटोरी मनगटाला अडवते आणि मग हात आपोआप कोपरातून, खांद्यातून फिरतो, पातं कापत मागं येतं. तर्जनी आडव्या दांड्याच्या पुढं घालून पात्याच्या मुठीलगतच्या, धार न लावलेल्या बोथट भागाला टेकवतात, म्हणून मुसुम्यावर तीनच बोटं लागतात. तुमची तलवार पक्की बसवल्यावर तसं धरून पाहा, धार झाकलेली ठेवून. मूठ घट्ट बसते, हाताला जड वाटणारं पातं हलकं होतं. ज्यानं ही मूठ पहिल्यांदा घडवली, त्याला हाताची हाडं माहीत होती.

नागपूरला गेलात तर अजब बंगल्यात जरूर जा. ते मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासूनचं आहे आणि तिथल्या जुन्या हत्यारांपुढं मी पहिल्यांदा आबाजींचं बोट धरून उभा राहिलो. ते पाती बघतच नव्हते, मुठी बघत होते.

मूठ वेगळी आणि पातं वेगळं, याचं सगळ्यात ठळक उदाहरण आता आपल्याच राज्यात आलं आहे. नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या नावाची तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारनं घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. पातं सरळ, एकधारी, युरोपात घडलेलं. म्हणूनच अशा तलवारीला फिरंग म्हणतात. पात्यावर सोन्यानं 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग' असं देवनागरीत लिहिलं आहे. मूठ मात्र आपली, मुल्हेरी घडणीची. बागलाणातल्या मुल्हेरचं नाव या मुठीला आहे. तिच्यावर सोन्याची कोफ्तगारी, म्हणजे लोखंडावर ठोकून बसवलेली तारेची नक्षी, आहे आणि मुसुम्याला हिरवं विणलेलं कापड गुंडाळलेलं आहे. समुद्रापलीकडून आलेल्या पात्याला मराठी हाताची मूठ बसली आणि ती तलवार मराठ्यांची झाली. सांधा वेल्डचा असता, तर असं पातं असं बदलता आलं असतं का?

ते कापडही नुसतं शोभेचं नाही. मुल्हेरीसारख्या मुठीत हात पिंजऱ्यात असल्यासारखा असतो. रुंद पत्रा बोटांपुढं येतो आणि आतून त्याला कापसाची गादी शिवलेली असते, म्हणजे समोरच्याचा घाव पत्र्यावर बसला तरी बोटांची हाडं ठणकत नाहीत. कापड घाम पितं. तुम्ही आर्वीचे, उन्हात दुपारभर डवरा धरणाऱ्या हाताला काय घाम येतो ते मी तुम्हाला काय सांगू. खांड्याच्या आणि फिरंगेच्या मुठीला वर एक लांब खुंटी निघालेली दिसते. वाटलं तर दुसऱ्या हातानं ती धरून दोन्ही हातांनी घाव घालायचा. जुन्या मुठीतली गादी किडली असली तरी फेकू नका. धुऊही नका. पातळ मलमल तिच्यावरून अलगद टाचून ठेवा.

तुम्ही लिहिलंय की तुमची मूठ काळी आहे आणि मधेमधे पिवळी रेघ चमकते. फोटो नाही, तरी माझा अंदाज कोफ्तगारीचा आहे. लोखंडाचा पृष्ठभाग बारीक छिन्नीनं आडवा-उभा खरवडतात, इतका बारीक की बोटाला मखमलीसारखा लागतो. त्या खरखरीवर सोन्याची किंवा चांदीची केसासारखी तार ठेवून हलक्या हातोडीनं बसवतात. तार त्या दातऱ्यांत धरली जाते. मग लोखंड तापवून निळं-काळं करतात आणि अकीकाच्या दगडानं घोटतात, म्हणजे काळ्यावर सोनं उठून दिसतं. सोन्याचा थर फारच पातळ असतो. चिंच, लिंबू, राख, पॉलिश पेपर, यातलं काहीही लागलं की तो गेला. शिलाई मशीनचं तेल सुती कपड्यावर घेऊन पुसा, गंज निघेल तेवढाच निघू द्या. नक्षी खोल खणून आत जाड तार भरलेली असेल तर ते तहनिशान, तो प्रकार जास्त टिकतो. मुठीवर ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेली अक्षरं दिसली तर त्यांना अजिबात घासू नका. शिलेखान्यात, म्हणजे शस्त्रांच्या कोठारात, नोंद म्हणून किंवा मालकाची खूण म्हणून तशी अक्षरं ठोकत.

बिनानक्षीची मूठ असली तरी ती कमी मोलाची नाही. साधी लोखंडी मूठ दोन अर्ध्या कवचांची असते. दोन पत्रे घडवून, मधली पोकळी ठेवून, पितळेच्या झाळेनं जोडतात. मुसुम्याच्या कडेनं नीट पाहिलं तर ती पिवळसर रेघ सापडते. तुम्हाला दिसलेली पिवळी रेघ तीच असण्याचीही शक्यता आहे. रेघ सरळ एकाच जागी असेल तर झाळ, वेलबुट्टीसारखी फिरत असेल तर कोफ्त.

आणि पितळेची नवी मूठ. मी भंडाऱ्याच्या बाजूचा माणूस, पितळेचं काम आमच्या भागाची ओळख आहे, तेव्हा पितळेबद्दल मला काही आकस नाही. बिचव्याच्या, म्हणजे लहान वाकड्या खंजिराच्या, मुठी पितळेच्या ओतलेल्या पुष्कळ सापडतात आणि सुंदर असतात. पण बाजारातली मूठ ओतीव, भरीव, जड असते. तुमच्या पात्याचा तोल ठरवून ती केलेली नसते. ती बसवली की वजन सगळं हाताशी येतं आणि पातं मेल्यासारखं फिरतं. दुसरं, ओलाव्यात पितळ आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असले की गंज लोखंडाला लवकर धरतो, म्हणजे तुमची शेपटी आतल्या आत जाईल आणि बाहेरून मूठ चकचकीत दिसेल. ॲल्युमिनियमच्या मुठीचं तर नावच नको. त्यात शेपटीच्या जागी पात्याला सळीचा तुकडा वेल्ड केलेला असतो.

जुन्या मुठींत यशम (एक मौल्यवान दगड), स्फटिक, हस्तिदंत, बिदरी काम असंही दिसतं, पण ते दरबारचं. आपल्या भागात घराघरांत निघतं ते लोखंड, पितळ, लाकूड आणि शिंग. शिंगाबद्दल एक स्पष्ट सांगतो. मेळघाट, पेंच, ताडोबा, कुठल्याही जंगलाच्या कडेला सांबराचं-चितळाचं गळालेलं शिंग सापडलं तरी उचलू नका आणि कोणी विकत देत असेल तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो गुन्हा आहे. मूठ शिंगाचीच हवी असेल तर म्हशीचं शिंग घ्या. ते गरम पाण्यात मऊ होतं, दाबून आकार देता येतो आणि घोटल्यावर काळंभोर चमकतं.

कट्यार आणि दांडपट्टा तुम्ही विचारलेले नाहीत, तरी दोन वाक्यं सांगावीशी वाटतात, कारण मुठीचा विचार तिथे सगळ्यात पुढं गेला. कट्यारीची मूठ पात्याला आडवी असते. दोन उभ्या पट्ट्या आणि मधे आडवे गज, ते मुठीत धरायचे. त्यामुळं पातं थेट हाताच्या रेषेत येतं आणि ठोशाची सगळी ताकद टोकाला जाते, मनगट वळतच नाही. उभ्या पट्ट्या हाताला दोन्ही बाजूंनी झाकतात. दांडपट्ट्यात पंजा कोपराजवळपर्यंत लोखंडी खोळीत जातो, आत आडवा गज असतो आणि वर पट्टी हाताला बांधली जाते. पातं लवचीक असल्यानं ते मनगटानं सांभाळणं शक्यच नाही, सगळा हातच मूठ होतो. २०२४ साली राज्य सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून घोषित केलं, त्याचा मला फार आनंद झाला.

आता खंजीर. त्याची मूठ लाकडीच ठेवा. पण आधी शेपटी कशी आहे ते पाहा. शेपटी मुठीच्या आकाराएवढी रुंद असेल तर दोन्ही बाजूंनी फळ्या लावून खिळे रिवीट करायचे. निमुळती असेल तर अखंड लाकडात भोक पाडून लाखेनं बसवायची. जुन्या पात्याची शेपटी लाल करून लाकडात ठोकू नका. विळ्याला आपण ते रोज करतो, कारण विळा नवीन घडवता येतो.

लाकूड आपल्याच रानातलं घ्या, जुन्या अवजारातून निघालेलं असेल तर सर्वांत चांगलं. धावड्याला तोड नाही. कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा का करतात, तर तो धक्का गिळतो आणि फुटत नाही. तिवसही तसाच चिवट, जुन्या बंडीचा तुकडा मिळाला तर सोन्यासारखा. शिसव घोटायला सुंदर आणि जड. तेंदूच्या जुन्या झाडाचा काळा गाभा मिळाला तर तो आबनुसासारखा दिसतो, पण वाळताना फाटतो, दोन वर्षं सावलीत ठेवलेलाच घ्या. अंजन इतकं टणक असतं की पटाशी बोथट होते. सागवान मात्र मुठीला नको. दारं-खिडक्यांना तो राजा आहे, पण बारीक कामात रेषेवर चिरतो. बाभूळ चालते, घुणापासून जपायला हवी. तुमची जुनी मूठ घुणानं खाल्ली, म्हणजे बहुधा बाहेरचं पांढरं लाकूड वापरलं होतं. गाभ्याला घुण सहसा लागत नाही.

आपल्याकडं लाकडाची परीक्षा हवाच घेते. मेमध्ये ते आटतं, जुलैत फुगतं. म्हणून मूठ पावसाळ्यात बसवू नका, उन्हाळ्यात लाकूड आटेल आणि ढिली पडेल. दिवाळीनंतर थंडीच्या दिवसांत करा. बसवल्यावर जवसाचं तेल द्या. तीळ किंवा शेंगदाण्याचं नको, ते वाळत नाही, चिकट राहून खवट होतं. जवसाचं तेल हवेनं वाळून थर धरतं. पहिला आठवडा रोज एक हात, पुढं महिनाभर आठवड्याला एक, पातळ लावायचं आणि पुसून घ्यायचं. तेलाचे बोळे घडी करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवा.

खंडेनवमीला पूजा करालच, करायलाच हवी. पण हळदकुंकू, ओलं फूल, नारळाचं पाणी पात्यावर रात्रभर राहू देऊ नका. पात्यानं लिंबू कापण्याची रीत असेल तर ते घरच्या सुरीनं कापा. संध्याकाळी सगळं पुसून तेलाचा हात फिरवा. आणि म्यानात कायमची ठेवू नका, म्यानाच्या चामड्यात ओल धरते.

कायद्याचं थोडक्यात. शेतीची आणि घरकामाची अवजारं १९५९ च्या शस्त्र कायद्यात येत नाहीत, तलवार आणि खंजीर येतात. घरात वारशाची वस्तू असल्याचं जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवून विचारून घ्या, आणि सणाच्या दिवसांत जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश निघतात तेव्हा बाहेर काढू नका. तलवार शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती पुरावस्तू ठरते, परदेशी पाठवता येत नाही.

पितळेच्या मुठीचे पैसे अजून दिले नसतील तर देऊ नका. त्याऐवजी पाव किलो चपडा आणा, तेवढ्यात तलवार आणि खंजीर दोन्ही होतात. मूठ रेतीत घालण्याआधी ती पिवळी रेघ कुठून कुठं जाते, त्याचा उजेडात काढलेला एक फोटो मात्र मला पाठवा.